'डिअर यू' कसा ऐकावा : एका बदनाम पंक अल्बमची उलटतपासणी

जॉब्रेकर या सॅन फ्रान्सिस्कोच्या तिघांच्या बँडचा 'डिअर यू' १२ सप्टेंबर १९९५ रोजी डीजीसीनं काढला. डीजीसी ही गेफन कंपनीची शाखा. निर्वाणा या गाजलेल्या बँडचे अल्बम काढणारी तीच. छोट्या स्वतंत्र कंपन्या सोडून बँडनं मोठ्या कंपनीशी करार केला म्हणून जुने चाहते चिडले, नवे फिरकले नाहीत, आणि १९९६ मध्ये बँड फुटला. तोवर खप साधारण ४०,००० प्रती. पुढे हाच अल्बम बाजारातून गायब झाला, जुन्या सीडी चढ्या भावानं विकल्या जाऊ लागल्या, आणि आता त्याला बँडचं उत्तम काम म्हणणारेही पुष्कळ आहेत.

त्यामुळे कुणी हा अल्बम हातात दिला की सोबत एक तयार मतही येतं. एक तर 'विकले गेले' किंवा 'लोकांना कळलंच नाही'. दोन्ही मतं आळशी आहेत. खाली दिलेली पद्धत दोन संध्याकाळींची आहे. आवाजात काय बदललं, करारामुळे काय बिघडलं आणि काळाच्या माथी किती मारायचं, या तीन गोष्टी वेगळ्या काढणं एवढाच तिचा हेतू. १९९५ मध्ये त्या एकाच मडक्यात शिजल्या, म्हणून तेव्हाची बहुतेक भांडणं ऐकायला मोठी आणि अर्थाला पातळ आहेत.

काय काय लागेल

बँडचे चारही अल्बम : 'अनफन' (१९९०), 'बिव्हूॲक' (१९९२), '२४ अवर रिव्हेंज थेरपी' (फेब्रुवारी १९९४) आणि 'डिअर यू'. पहिल्या दोनांतली तीन-तीन गाणी पुरतात, तिसरा मात्र अख्खा हवा. त्यात ११ गाणी आहेत, 'डिअर यू'मध्ये १३.

'डिअर यू'ची कुठली आवृत्ती मिळते ते आधी पाहा. गाण्यांची यादी १३ वर थांबत असेल तर ती मूळ रचना. पुढे 'इन्टू यू लाइक अ ट्रेन' वगैरे दिसत असेल तर ती २००४ नंतरची, ड्रमर ॲडम फाहलरच्या ब्लॅकबॉल रेकॉर्ड्सनं पुन्हा काढलेली. जादा गाणी मोलाची आहेत, पण पहिल्या ऐकण्यात ती लावू नका. मूळ अल्बम 'अनलिस्टेड ट्रॅक' नावाच्या गाण्यावर संपतो. त्यानंतर लगेच दुसरं काही सुरू झालं तर शेवट विस्कटतो.

हेडफोन तारेचे असतील तर उत्तम. ब्लूटूथचे चालतील, पण त्यांचं 'बास बूस्ट' आणि फोनमधला इक्वलायझर बंद करा. याचं कारण साधं आहे. 'डिअर यू'ची गिटार आधीच जाड आहे. त्यावर बास चढवला की ख्रिस बाउअरमाइस्टरचं बास गिटार त्या लगद्यात बुडतं, आणि 'सगळं एकसारखं वाजतं' ही १९९५ ची तक्रार तुम्ही स्वतःच तयार करता.

शिवाय एक वही. तीन रकाने आखा : आवाज, करार, काळ. कुठलीही तक्रार किंवा कौतुक वाचलं की ते यातल्या एकाच रकान्यात टाकायचं. एकात बसत नसेल तर ते वाक्य दोन तक्रारींची मोळी आहे असं समजा आणि सोडवा.

आधी आवाजाची पातळी जुळवा

ही पायरी जवळपास सगळे वगळतात आणि तिथेच फसतात. दोन रेकॉर्डिंगं एकापाठोपाठ ऐकताना जे किंचित मोठ्यानं वाजतं ते कानाला 'चांगलं' वाटतं. फरक एक-दोन डेसिबलचा असला तरी पुरतो. मोठ्या कंपनीच्या पैशानं घडवलेलं मिक्सिंग, म्हणजे सगळ्या वाद्यांची आणि गळ्याची एकत्र बसवणी, बहुधा भरीव आणि दाबून बसवलेलं असतं, पुन्हा काढलेल्या आवृत्त्या तर आणखी मोठ्यानं वाजतात. पातळी न जुळवता केलेली तुलना म्हणजे आवाजाच्या बटणाची तुलना.

स्ट्रीमिंगवर ऐकत असाल तर सेटिंगमध्ये आवाज समान ठेवण्याची सोय असते, ती चालू करा. काही ॲप अख्खा अल्बम लावला की अल्बमची सरासरी पकडतात आणि गाण्यांची मिश्र यादी लावली की एकेक गाणं सम करतात. म्हणून तुलनेची गाणी एका वेगळ्या प्लेलिस्टमध्ये घाला. सीडीवरून ऐकत असाल तर कान वापरा : दोन्हीकडचा गाता आवाज सारखाच जवळ वाटेपर्यंत बटण फिरवा आणि तिथे खूण करून ठेवा. स्नेअरवर, म्हणजे ड्रमसेटमधल्या कडक आवाजाच्या ढोलावर, पातळी जुळवू नका. या दोन अल्बममध्ये स्नेअरची मांडणीच वेगळी आहे, हिशेब चुकेल.

पहिली संध्याकाळ : जुना आवाज कानात बसवणे

'अनफन'मधलं 'वॉन्ट' लावा, मग 'बिव्हूॲक'मधलं 'चेस्टरफील्ड किंग'. इथे गायक आणि गिटारवादक ब्लेक श्वार्झनबाखच्या गळ्याकडे लक्ष द्या. शब्द घशातून ओरबाडून निघतात, वरच्या सुरांवर आवाज फाटतो. हे सोंग नव्हतं. त्याच्या स्वरयंत्रावर गाठी आल्या होत्या, आणि १९९२ च्या युरोप दौऱ्यात मध्येच शस्त्रक्रिया करावी लागली. तिसऱ्या अल्बममधलं 'आउटपेशंट' त्याच रुग्णालयाच्या मुक्कामातून आलं आहे.

आता तिसरा अल्बम अख्खा ऐका आणि एक प्रश्न वहीत लिहा : आवाज मऊ झाला का? थोडासा. पण खरखर अजून आहे. आणि इथे एक जुनी समजूत कोसळते. 'डिअर यू'वरचा गुळगुळीत आवाज शस्त्रक्रियेमुळे आला, असं सांगणारे भरपूर भेटतात. पण शस्त्रक्रिया १९९२ ची, तिसऱ्या अल्बमचं रेकॉर्डिंग १९९३ चं, 'डिअर यू'चं १९९५ चं. म्हणजे शस्त्रक्रियेनंतर दोन अल्बम झाले, आणि त्यातला एकच गुळगुळीत आहे. गळा राखून गाण्याची गरज मदतीला आली असेल, पण एकट्या डॉक्टरला श्रेय किंवा दोष देता येत नाही. उरलेलं काम माईकच्या अंतरानं, गाण्याच्या पट्टीनं आणि मिक्सिंगनं केलं आहे.

दुसरी समजूत ध्वनिमुद्रक स्टीव्ह अल्बिनीबद्दलची. तिसऱ्या अल्बमचं मुख्य काम त्याच्याकडे शिकागोत झालं, १९९३ च्या मे महिन्यात. अल्बिनी स्वतःला निर्माता म्हणवत नसे, रॉयल्टी घेत नसे, ठरलेली मजुरी घेई. बँड खोलीत जसा वाजतो तसा टेपवर उतरवणं हे आपलं काम, असं त्याचं म्हणणं. या अल्बमवर त्यानं स्वतःचं नाव न घालता आपल्या मांजरीचं, 'फ्लस' हे नाव घातलं. पण बँडला काही गाणी पसंत पडली नाहीत, आणि ती ऑगस्टमध्ये सॅन फ्रान्सिस्कोत बिली अँडरसनकडे पुन्हा ध्वनिमुद्रित झाली. तेव्हा 'अल्बिनीचा कच्चा आवाज विरुद्ध कंपनीचा चकचकीत आवाज' असा सरळ सामना लावू नका. हा बँड आधीपासून स्वतःच्या आवाजाबद्दल चोखंदळ होता, आणि मनासारखं झालं नाही तर पुन्हा करायची त्यांची तयारी होती. पैसा आला तेव्हा ती हौस वाढली, इतकंच.

झोपण्याआधी 'बॉक्सकार' दोनदा ऐका. दोनेक मिनिटांचं गाणं आहे, 'तू पंक नाहीस' असं सर्टिफिकेट वाटत फिरणाऱ्यांची टर उडवणारं. पुष्कळ जण ते 'डिअर यू'वरच्या टीकेला दिलेलं उत्तर समजून ऐकतात. ते करारापूर्वीचं आहे. म्हणजे भांडण आधीच सुरू होतं, करारानं फक्त काडी लावली.

दुसरी संध्याकाळ : 'डिअर यू', तीन फेऱ्या

पहिली फेरी सलग, न थांबता. पाऊण तासाहून जास्त वेळ लागतो. फोन लांब ठेवा. काहीही लिहू नका.

दुसऱ्या फेरीत फक्त गिटार. निर्माता रॉब कॅव्हालो, जागा बर्कलीचा फँटसी स्टुडिओ. ग्रीन डे या पंक बँडचा तुफान खपलेला 'डूकी' जिथे झाला तोच स्टुडिओ, तोच निर्माता. 'सेव्ह युअर जनरेशन' सुरू होताच डाव्या आणि उजव्या कानावरचा हेडफोन आलटून-पालटून बाजूला करा. एकाच माणसाची गिटार दोन्हीकडून येते, आणि ती एका वाजवण्याची नक्कल नाही. तेच सूर पुन्हा वाजवून थरावर थर चढवले आहेत. दोन वादनांत वेळेचा आणि सुरांचा केसाएवढा फरक राहतो, त्यातून ती भिंत तयार होते. फायदा : वजन. तोटा : प्रत्येक तार छेडल्याचा जो टोकदार आघात जुन्या अल्बमवर होता तो बोथट होतो. मैफलीत एकाच गिटारवाल्याला ही भिंत उभी करता येत नाही. म्हणून मंचावर हीच गाणी वेगळी, हडकुळी वाजतात. त्यांच्या मैफलींची ध्वनिमुद्रणं मिळाली तर हे दोन मिनिटांत पटेल.

तिसरी फेरी निवडक. ही गाणी या क्रमानं :

'फायरमन'. कंपनीनं पुढे केलेलं गाणं हेच, व्हिडिओही याचाच. चाल पकडणारी आहे, पण शब्द एका सूडाच्या स्वप्नाबद्दल आहेत आणि गाणारा ते जवळजवळ कंटाळल्यासारखा सांगतो. रेडिओवर 'डूकी'च्या गाण्यांशेजारी हे वाजलं की त्यात उडी मारायला जागा सापडत नाही. काळाच्या रकान्यात नोंद करा.

'ॲक्सिडेंट प्रोन'. सुमारे सहा मिनिटं. हळू सुरुवात, लांब चढण, शेवटाकडे गिटारांचा ढीग. जुन्या चाहत्यांना सगळ्यात जास्त परकं वाटलेलं आणि आज सगळ्यात जास्त मागणी असलेलं गाणं बहुधा हेच. इथे थर कामाला येतात. एका गिटारवर ही चढण चढता आली नसती. कॅव्हालोची भिंत सरसकट वाईट नाही, एवढी नोंद इथे व्हायला हवी.

'जेट ब्लॅक'. मध्ये 'ॲनी हॉल' या चित्रपटातला ख्रिस्तोफर वॉकनचा संवाद येतो. 'मोठ्या कंपनीत गेल्यावर आलेले नखरे' असं म्हणण्यापूर्वी तिसऱ्या अल्बममधलं 'कंडिशन ओकलंड' पुन्हा लावा. तिथे लेखक जॅक केरुॲकचं वाचन आहे. सवय जुनीच.

'बॅड सीन, एव्हरीवन्स फॉल्ट'. दोनेक मिनिटांची धावपळ, जुन्या पद्धतीची. अल्बमच्या उत्तरार्धात टाकलेलं. हे आधी असतं तर किती जण शांत झाले असते, असा विचार मनात येतो. गाण्यांचा क्रम हाही निर्णय असतो, आणि इथे तो जुन्या मंडळींच्या सोयीनं लावलेला नाही.

'मिलियन' आणि 'अनलिस्टेड ट्रॅक' पाठोपाठ. पहिल्यात दहा लाख डॉलरच्या देकाराची कडवट थट्टा आहे. दुसरं शांत, एकट्या माणसाचं. अल्बमचं नावच पत्राच्या मायन्यासारखं आहे. इथवर आलात की तो मायना कुणाला उद्देशून असावा याचा अंदाज बांधायला हरकत नाही.

ज्यांच्याकडे २००४ ची आवृत्ती आहे त्यांनी शेवटी 'बॉक्सकार'चं त्यात घातलेलं वेगळं ध्वनिमुद्रण ऐकावं आणि काल ऐकलेल्या मूळ गाण्याशेजारी ठेवावं. शब्द तेच, चाल तीच, वाजवणारे तेच. म्हणजे उरतो तो निव्वळ आवाजातला फरक. रकाना क्रमांक एकसाठी याहून स्वच्छ प्रयोग मिळणार नाही.

हिशेब मांडा

आता करार. 'मोठी कंपनी वाईट' हे घोषवाक्य म्हणून सोपं आहे, पण नेमकं काय वाईट ते आकड्यांशिवाय कळत नाही. आकडे अल्बिनीनंच दिले होते, १९९३ मध्ये 'द बॅफलर' नियतकालिकात. त्यानं एका कल्पित बँडचा ताळेबंद मांडला. तो वहीत असा उतरवा :

खप २,५०,००० प्रती, किंमत १२ डॉलर. एकूण ३० लाख डॉलर. बँडची रॉयल्टी १३ टक्के, पण ती पूर्ण किमतीवर नाही, किमतीच्या ९० टक्क्यांवर. म्हणजे प्रतीमागे १ डॉलर ४० सेंट. एकूण ३,५१,००० डॉलर. आता यातून वजा करा : उचल २,५०,०००, निर्मात्याचा उरलेला वाटा ४०,०००, जाहिरात २५,०००, आधीच्या कंपनीला दिलेली सोडवणूक ५०,०००. उत्तर उणे १४,०००. अडीच लाख प्रती खपूनही बँड कंपनीचं देणं लागतो. दौरे, टी-शर्ट, प्रकाशनहक्क वगैरे सगळं धरून चौघांच्या हाती प्रत्येकी ४,०३१ डॉलर २५ सेंट पडतात. कंपनीला ७,१०,०००.

'उचल' हा शब्द मुद्दाम वापरला आहे. ऊसतोडीला जाणाऱ्या जोडीला मुकादम जी उचल देतो तिच्यासारखीच ही रक्कम. हातात येते तेव्हा कमाई वाटते, प्रत्यक्षात ते फेडायचं देणं असतं, आणि फिटेपर्यंत पुढची मजुरी त्यातच जिरते. एक फरक कलावंताच्या बाजूचा : अल्बम पडला तर कंपनी सहसा वसुलीला घरी येत नाही, उचल बुडीत खात्यात टाकते. पण मास्टर टेप, म्हणजे मूळ ध्वनिमुद्रण, तिच्याकडेच राहते. अल्बम छापायचा की कपाटात ठेवायचा हे तीच ठरवते. 'डिअर यू'चं नेमकं हेच झालं.

आता जॉब्रेकरचा खप या साच्यात घाला. ४०,००० गुणिले १.४०४, म्हणजे ५६,१६० डॉलर. अडीच लाखांची उचल धरली तर ती एकटी फिटायलाच १,७८,००० च्या वर प्रती हव्यात. बाकीची वजावट धरली तर जवळपास २,६०,०००. हे त्यांच्या करारातले आकडे नव्हेत, अल्बिनीच्या नमुन्यावर बसवलेले आहेत. त्यांच्या कराराबद्दल बोललं जातं ते दहा लाख डॉलरबद्दल. तो आकडा घेतला तर खड्डा आणखी खोल.

त्याच वहीत शेजारी दुसरा हिशेब करा. छोट्या स्वतंत्र कंपन्यांत खर्च वजा जाता नफा निम्मा-निम्मा वाटायची पद्धत होती. शिकागोची टच अँड गो त्यासाठी प्रसिद्ध. समजा प्रतीमागे ३ डॉलर नफा उरला. ४०,००० प्रतींवर बँडचा वाटा ६०,००० डॉलर, आणि डोक्यावर देणं शून्य. खप तोच. एका वहीत तो अपयश, दुसरीत भरघोस यश. 'डिअर यू पडला' असं जेव्हा वाचाल तेव्हा विचारा, कुणाच्या वहीत?

हिशेबात लोक हमखास दोन चुका करतात. उचल म्हणजे नफा धरतात, आणि रॉयल्टीचा टक्का छापील किमतीवर लावतात. दुसरी चूक केलीत तर प्रतीमागे १ डॉलर ५६ सेंट येतील आणि पुढचं सगळं फुगेल.

तारखांची पट्टी

काळाचा रकाना भरायला मतं पुरत नाहीत, तारखा लागतात. एक आडवी रेघ ओढा आणि हे घाला.

३१ डिसेंबर १९८६ : बर्कलीत ९२४, गिलमन स्ट्रीट इथे स्वयंसेवकांनी चालवलेली पंक मैफलींची जागा सुरू. पुढे तिथला एक नियम : मोठ्या कंपनीचे बँड इथे वाजवणार नाहीत. ग्रीन डे तिथलेच, १९९३ मध्ये करार केला आणि दार बंद झालं. ते पुन्हा तिथे वाजवायला आले २०१५ मध्ये.

ऑक्टोबर १९९३ : जॉब्रेकर निर्वाणाच्या दौऱ्यात काही मैफलींना आधी वाजवतात. कुजबुज सुरू. ब्लेक मंचावरून सांगतो की आम्ही मोठ्या कंपनीकडे जाणार नाही.

फेब्रुवारी १९९४ : एकाच महिन्यात ग्रीन डेचा 'डूकी' आणि जॉब्रेकरचा तिसरा अल्बम.

मे १९९४ : गिलमनमध्येच जेलो बियाफ्राला 'सेलआउट' म्हणत मारहाण होते. पायाला गंभीर दुखापत. डेड केनेडीजचा गायक, आयुष्यभर स्वतंत्र कंपनी चालवलेला माणूस. तापमान किती चढलं होतं ते यावरून समजावं.

जून १९९४ : 'मॅक्सिमम रॉकनरोल' या फॅनझीनचा मोठ्या कंपन्यांविरुद्धचा अंक. अल्बिनीचा ताळेबंद त्यात पुन्हा छापला. फॅनझीन म्हणजे आपल्याकडच्या लघुअनियतकालिकाचं चुलत भावंड : वर्गणी तुटपुंजी, धाक मोठा.

२२ ऑगस्ट १९९५ : रॅन्सिड या पंक बँडचा नवा अल्बम. मोठ्या कंपन्या मागे लागल्या असतानाही ते एपिटाफ या स्वतंत्र कंपनीतच राहिले.

१२ सप्टेंबर १९९५ : 'डिअर यू'.

१० ऑक्टोबर १९९५ : ग्रीन डेचा 'इन्सॉम्निॲक'. निर्माता पुन्हा कॅव्हालो.

शेवटच्या तीन ओळी सलग वाचा. डावीकडे इमान राखलेले, उजवीकडे आधीच जिंकलेले, आणि मध्ये मंचावर दिलेला शब्द मोडलेले. सप्टेंबर १९९५ मध्ये यांच्यासाठी खुर्चीच शिल्लक नव्हती. प्रायोगिक रंगभूमीवरचा नट व्यावसायिक नाटकात गेला की जी कुजबुज होते ती आपल्याला माहीत आहे. पण तो 'मी कधीच जाणार नाही' असं आधी रंगमंचावरून सांगून गेला असेल तर कुजबुजीची धार वेगळी असते. ही तक्रार खरी आहे आणि ती करार या रकान्यात जाते. तिच्यावरून 'ॲक्सिडेंट प्रोन'चे सूर खोटे ठरत नाहीत.

आणि आता 'डूकी'चा उपयोग करा. तोच निर्माता, तोच स्टुडिओ, तोच परिसर, तोच बहिष्कार. तरी एकट्या अमेरिकेत एक कोटीहून जास्त खप. म्हणजे चिडलेल्या जुन्या चाहत्यांनी अल्बम बुडवला हे स्पष्टीकरण अर्धं आहे. ग्रीन डेचेही जुने गेले, पण त्यांच्या दसपट-शंभरपट नवे आले. जॉब्रेकरचे जुने गेले आणि नवे आलेच नाहीत. का आले नाहीत याचं उत्तर तुम्ही तिसऱ्या फेरीत लिहून ठेवलं आहे : संथ चढणी, सहा मिनिटांची गाणी, दबलेला आवाज, आणि सुखान्त नाकारणारे शब्द. यातल्या कुठल्याही गोष्टीला 'विकाऊ' म्हणता येत नाही, आणि कंपनीलाही ती विकता आली नाही. या अल्बमची खरी गंमत इथे आहे.

नंतरचं थोडक्यात

१९९६ च्या दौऱ्यात गाडीतच ब्लेक आणि ख्रिस यांच्यात मारामारी झाली आणि बँड संपला. ब्लेकनं पुढे जेट्स टू ब्राझील काढला. फॉल आउट बॉयनं 'सेव्ह युअर जनरेशन' गाऊन जॉब्रेकरला मानवंदना देणाऱ्या अल्बममध्ये दिलं, म्हणजे १९९५ मध्ये न आलेले नवे श्रोते काही वर्षांनी गिटार घेऊन आले. २००४ ला अल्बम पुन्हा बाजारात, सप्टेंबर २०१७ मध्ये शिकागोच्या रायट फेस्ट या संगीत महोत्सवात बँड पुन्हा मंचावर.

परीक्षणं वाचताना त्यावरची तारीख आधी बघा. २००४ पूर्वीचं आणि नंतरचं वेगळ्या शाईनं उतरवा. नंतरच्या लेखनात एक उलटी चूक सर्रास दिसते : आधी अन्याय झाला म्हणून आता निर्दोष ठरवण्याची. अल्बम लांब आहे, मधली दोन-तीन गाणी एकमेकांच्या पायात येतात, आणि थरांमुळे बास दबतो ही तक्रार हेडफोन बदलूनही पूर्ण जात नाही.

हीच वही दुसऱ्या अल्बमांसाठी

हुस्कर डू या बँडचा 'कँडी ॲपल ग्रे' (वॉर्नर, १९८६) घ्या. निर्मिती बँडमधल्याच बॉब मोल्ड आणि ग्रँट हार्टची. म्हणजे बाहेरच्या निर्मात्याचा प्रभाव शून्य, आवाजात जे बदललं ते त्यांनीच बदललेलं. 'कंपनीनं मऊ केलं' हा आरोप इथे टिकतो का ते तपासा. अगेन्स्ट मी! या बँडचा 'न्यू वेव्ह' (सायर, २००७) उलट टोकाचा : निर्माता बुच विग, बदल ठळक. तिथे पहिला रकाना लांबलचक भरेल. क्लॅश या ब्रिटिश पंक बँडनं जानेवारी १९७७ मध्ये सीबीएस या मोठ्या कंपनीशी १,००,००० पौंडांचा करार केला, तेव्हा त्यांचा एकही अल्बम आला नव्हता. तुलनेला जुना आवाजच नाही, म्हणून तिथला सगळा वाद करार आणि काळ यांचाच आहे.

चुंबावांबासाठी मात्र एक चौथा रकाना आखावा लागतो. ईएमआय या मोठ्या रेकॉर्ड कंपनीच्या विरोधातल्या अल्बममध्ये सामील झालेला हा ब्रिटिश अराजकवादी बँड १९९७ मध्ये त्याच ईएमआयकडे गेला. २००२ मध्ये जनरल मोटर्सनं जाहिरातीत गाणं वापरायचे १,००,००० डॉलर दिले. ते त्यांनी इंडीमीडिया आणि कॉर्पवॉच या संस्थांना देऊन टाकले, कंपन्यांवर, त्यात जनरल मोटर्सवरही, नजर ठेवण्यासाठी. रकान्याचं नाव : पैशाचं पुढे काय केलं.